ओझे आणि वजन : वस्तीतल्या व्यायामशाळेत रॅक का नाही?

आमच्या समाजाने जेवढे उचलले आहे, तेवढे या देशात फार थोड्यांनी उचलले असेल. गोदामातली पोती, बांधकामावरची घमेली, शहराचा कचरा आणि मैला, गावाची मेलेली ढोरे. पिढ्यानपिढ्या उचलणे हेच आमच्या वाट्याला आलेले काम. तरीसुद्धा ‘ताकद कमावणे’ असे म्हटले की डोळ्यांसमोर येणारे शरीर आमचे नसते. ते एखाद्या एसी जिमच्या फलकावरचे असते, नाहीतर जुन्या तालमीच्या भिंतीवरच्या तसबिरीतले. उचलणारे आम्ही आणि ताकदवान मात्र दुसरेच, हे कसे झाले?

याचे उत्तर आम्हाला एका साध्या फरकात सापडले. उचलण्याचे दोन प्रकार असतात. एक ओझे आणि दुसरे वजन. दोन्ही किलोतच मोजतात. पण ओझे किती असावे हे मालक ठरवतो, वजन किती असावे हे उचलणारा ठरवतो. ओझ्याला विश्रांती नसते, कारण ट्रक रिकामा व्हायचा असतो. वजनाच्या दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटे बसणे हा व्यायामाचाच भाग असतो. ओझे उचलणाऱ्याच्या ताटात काय आहे हे कोणी विचारत नाही. वजन उचलणारा आधी ताटाचा हिशेब करतो आणि मग बारला हात लावतो. म्हणून ओझे माणसाला पन्नाशीच्या आत वाकवते आणि वजन तीच पाठ मजबूत करते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुष कामगाराला हाताने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे उचलायला लावू नये. आमच्या बापांनी शंभर-शंभर किलोची धान्याची पोती पाठीवर वाहिली. आणि त्यांची मुले जिममध्ये गेली की पहिल्या दिवशी ट्रेनर सांगतो, “भाऊ, हेवी नका मारू, इंज्युरी होईल.”

हा लेख त्या वजनाविषयी आहे. ते आमच्या माणसांना कुठे उचलता येते, कुठे येत नाही आणि का येत नाही, याविषयी आहे.

आम्ही म्हणजे उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतले सहाजण. एकजण महापालिकेत ऐवजदार म्हणून सफाईचे काम करतो. एकजण ई-रिक्षा चालवतो. एक कंत्राटी शिक्षिका आहेत. दोघी मुली पोलीस भरतीची तयारी करतात. आणि हे लिहिणारे आम्ही समाजकार्यात आहोत, समाजशास्त्राचे एम.ए. आहोत. गेली चार वर्षे आम्ही आठवड्यातून तीन दिवस एकत्र वजन उचलतो. स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट आणि खांद्यावरून डोक्यावर ढकलायचा प्रेस, एवढेच प्रकार. आरशासमोर दंड फुगवून फोटो काढायला आमचा विरोध नाही, पण आमचे काम ते नव्हे.

पोलीस भरतीचा उल्लेख मुद्दाम केला. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले १५ गुण गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. आमच्या वस्त्यांतली शेकडो मुले-मुली पहाटे पाचला रस्त्यावर धावताना दिसतात. धावायला पैसे लागत नाहीत, म्हणून सगळे धावतात. पण गोळा लांब जातो तो पाय, कंबर आणि खांद्याच्या ताकदीवर. ती ताकद नुसत्या धावण्याने येत नाही. रस्ता सर्वांना फुकट आहे, लोखंड फुकट नाही. मग १५ गुणांचे अंतर कोणत्या वस्तीत पडते आणि कोणत्या कॉलनीत भरून निघते, हे सांगायला एम.ए.ची गरज नाही.

ताकद वाढते कशी, हे आधी नीट समजून घेऊ. त्यात गूढ काही नाही. शरीर आज जेवढे उचलते त्याहून थोडे जास्त पुढच्या वेळी उचलले, पुरेसे खाल्ले, पुरेशी झोप घेतली, तर शरीर त्या जास्तीच्या वजनाला जुळवून घेते. मग पुन्हा थोडे जास्त. नवशिक्याला काही महिने जवळपास दर वेळी अडीच किलो वाढवता येतात. पुढे ही गती मंदावते. सगळा खेळ ‘थोडे जास्त’ या दोन शब्दांचा आहे. जिथे वजन थोडे थोडे वाढवता येत नाही, तिथे घाम येईल, दम लागेल, पण ताकद एका ठिकाणी येऊन थांबेल. जिम चांगली की वाईट याची आमची कसोटी हीच आहे. या कसोटीवर आम्ही आमच्या शहरातल्या जागा पारखल्या.

सर्वांत आधी आमच्या वस्तीतली ओपन जिम. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत पिवळ्या-निळ्या रंगाची आठ-दहा यंत्रे सिमेंटमध्ये रोवलेली आहेत. एकावर उभे राहून पाय पुढे-मागे हलवायचे, एकावर बसून स्वतःलाच वर ढकलायचे. म्हाताऱ्या माणसांच्या सांध्यांना हालचाल म्हणून ती बरी आहेत, लहान मुलांना झोके म्हणून आवडतात. पण त्यांत वजन वाढवायची सोयच नाही. पहिल्या दिवशी जेवढा जोर लागतो तेवढाच हजाराव्या दिवशी. सार्वजनिक पैशाने आमच्या तरुणांना दिलेली ही ‘जिम’ म्हणजे पहिलीचे एकच पुस्तक असलेले वाचनालय. आणि त्यावर लोकप्रतिनिधीच्या नावाची पाटी मात्र यंत्रापेक्षा मोठी.

दुसरी जागा म्हणजे जुनी व्यायामशाळा. चार भिंती, पत्र्याचे छप्पर, जोर-बैठकांची जागा, मुद्गलाची एक जोडी, गंजलेला एक बारीक रॉड आणि दोन-चार तडकलेल्या प्लेट. इथली माणसे प्रेमळ होती, फी नाममात्र होती. पण सगळ्या प्लेट मिळून पन्नास किलोही भरत नव्हत्या. स्क्वॉटसाठी बार ठेवायला स्टँड नव्हता. दोघांनी बार उचलून तिसऱ्याच्या मानेवर ठेवायचा आणि तो पडला तर नशीब. अशाने पोरे दोन महिन्यांत सोडून जातात आणि मग त्यांच्यावरच शिक्का बसतो की आपल्या पोरांत चिकाटी नाही.

तिसरी जागा म्हणजे एसी जिम. काचेचे दार, वीस ट्रेडमिल, डोळे दिपवणारे दिवे आणि कोपऱ्यात एक स्मिथ मशीन. स्मिथ मशीन म्हणजे दोन उभ्या खांबांत अडकवलेला बार, जो ठरलेल्या रेषेतच वर-खाली जातो. ट्रेनर त्यालाच स्क्वॉट रॅक म्हणतात. तोल सांभाळायचे काम तिथे यंत्र करते, म्हणून मोकळ्या बारवर लागणारी ताकद त्यावर तशी तयार होत नाही. डेडलिफ्टला बहुतेक ठिकाणी मनाई. कारण जिम दुसऱ्या मजल्यावर आणि खाली कपड्यांचे दुकान. फीची गंमत तर समाजशास्त्राच्या वर्गात शिकवावी अशी. एका ठिकाणी महिन्याला दीड हजार, पण वर्षाचे एकदम भरले तर नऊ हजार. ज्याच्या हातात एकरकमी नऊ हजार आहेत त्याला महिना साडेसातशेला पडतो. ज्याला दर महिन्याच्या पगारातून काढून द्यायचे आहेत, त्याला दुप्पट. गरिबाला तीच वस्तू महाग मिळते, मग ती साखर असो की स्क्वॉट.

शेवटी जी जागा सापडली ती वस्तीपासून नऊ किलोमीटरवर. टिनाचे शेड, दोन कूलर, भिंतीला रंग नाही. चालवणारे सर स्वतः एकेकाळी पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा खेळलेले. दोन रॅक, चार सरळ बार, जाड रबरी मॅट आणि तीनशे किलोच्या वर प्लेट. फी महिन्याला सहाशे. आम्ही सहाजण ई-रिक्षातून जातो. रिक्षावाला आमच्यातलाच असल्यामुळे भाडे वाचते, त्याचे बाकीच्या भाड्याचे नुकसान आम्ही वाटून घेतो. नऊ किलोमीटर जास्त वाटतील त्यांनी मीराबाई चानूची गोष्ट आठवावी. मणिपूरच्या नोंगपोक काकचिंग गावातून इम्फाळच्या सराव केंद्रात जायला तिच्याकडे रोजच्या भाड्याचे पैसे नसायचे. रेतीचे ट्रक चालवणारे तिला बसवून नेत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात २०२ किलो उचलून तिने रौप्यपदक आणले आणि परत आल्यावर त्या ट्रकचालकांना शोधून घरी जेवू घातले. ही गोष्ट प्रेरणादायी म्हणून सगळे सांगतात. आम्ही ती तक्रार म्हणूनही सांगतो. एका मीराबाईला ट्रक मिळाला. ज्यांना मिळाला नाही त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत.

आता जे तरुण जिम शोधत आहेत त्यांच्यासाठी काही रोखठोक गोष्टी. ट्रेनरचे दंड पाहू नका, सामान पाहा.

एक, रॅक. मोकळा स्क्वॉट रॅक किंवा चारखांबी पिंजरा हवा आणि त्याला दोन्ही बाजूंना आडवे सुरक्षा-दांडे हवेत. स्क्वॉटमध्ये वजन उठले नाही तर बार दांड्यांवर टेकवून बाहेर पडता आले पाहिजे. हे दांडे नसतील तर तिथे जड स्क्वॉट करू नका.

दोन, बार, ज्याला जिममध्ये सगळे रॉड म्हणतात. पुरुषांचा प्रमाणित ऑलिम्पिक बार २० किलोचा आणि २.२ मीटर लांब असतो. महिलांचा १५ किलोचा आणि पकडायला थोडा बारीक, २५ मिलिमीटरचा. प्लेट चढतात तो टोकाचा भाग ५० मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो स्वतःभोवती फिरतो. आमच्या सरांची युक्ती सोपी आहे. बार सपाट फरशीवर ठेवायचा आणि पायाने लोळवायचा. डुगडुगला तर वाकलेला. बारचे वजनही काट्यावर करून घ्या. अनेक ठिकाणी बारीक रॉड सात-आठ किलोचा असतो आणि वहीत तो वीस म्हणून लिहिला जातो. वहीत खोटे लिहून ताकद वाढत नाही.

तीन, छोट्या प्लेट. हा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा. प्लेट दोन्ही बाजूंना एकेक लावावी लागते. म्हणजे सर्वांत छोटी प्लेट अडीच किलोची असेल तर एका वेळी पाच किलो वाढवावे लागतात. दीडशे किलो डेडलिफ्ट करणाऱ्याला पाच किलो म्हणजे काही नाही. पण वीस किलोचा प्रेस करणाऱ्या मुलीला पाच किलो म्हणजे एकदम चौथाई वाढ. ती तिथेच अडकते आणि ट्रेनर म्हणतो, लेडीजला अपर बॉडी जमत नाही. सव्वा किलोची जोडी असली की वाढ अडीच किलोवर येते. अर्धा किलोची जोडी असली तर एका किलोवर. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतही वजन एकेका किलोने वाढते आणि एका किलोने पदके जातात. ज्या जिममध्ये सव्वा किलोच्या प्लेट नाहीत, तिथे बायका आणि नवशिके गृहीतच धरलेले नाहीत, असे खुशाल समजा.

चार, डेडलिफ्टची जागा. जमीन पक्की हवी आणि वर रबर हवे. मोठ्या प्रमाणित प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. छोट्या प्लेट लावल्या की बार खाली जातो, जास्त वाकावे लागते आणि पाठ गोल होते. मोठ्या प्लेट नसतील तर दोन्ही बाजूंना मॅटच्या घड्या किंवा लाकडी पाट ठेवून बार त्या उंचीवर आणा.

पाच, गर्दी. पैसे भरायच्या आधी, ज्या वेळी तुम्ही जाणार त्याच वेळी जाऊन अर्धा तास उभे राहा. संध्याकाळी सातला एका रॅकमागे आठजण असतील तर ती जिम तुमच्या कामाची नाही, सामान कितीही चांगले असो. आणि तिथे जड वजन उचलणारी एक तरी बाई दिसते का, तेही पाहा. दिसली तर बहुतेक बाकीच्या गोष्टीही ठीक असतात.

जागा मिळाली की ती वापरायची रीतही शिकावी लागते. वही ठेवा. तारीख, प्रकार, वजन, किती सेट, किती वेळा. डोक्यात ठेवलेला आकडा दोन आठवड्यांत बदलतो. एक रॅक तिघांनी वाटून घेता येतो. एकजण उचलतो तेव्हा दोघे विश्रांती घेतात आणि मागे उभे राहून लक्षही ठेवतात. काम झाले की प्लेट जागेवर. आमच्यातल्या ऐवजदार भावाचा यावर फार कटाक्ष आहे. तो म्हणतो, “आपण टाकून जायचं आन् दुसऱ्यानं उचलायचं, हे तर आपल्यासोबत रोजच होते. इथंबी तेच करायचं का?” त्याच्यापुढे बोलायची कोणाची हिंमत होत नाही. हाच भाऊ आता कचऱ्याचा ड्रम उचलताना कंबर वाकवून नाही, डेडलिफ्टसारखा पाय वाकवून उचलतो. आणि मुकादमाला सांगतो की हा ड्रम दोघांचा आहे, एकट्याचा नाही. वजन उचलणारा माणूस ओझ्याला प्रश्न विचारू लागतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

पण जिमचे दार फक्त पैशानेच बंद होते असे नाही. एका जिममध्ये फॉर्म भरताना पत्ता वाचल्यावर समोरच्या माणसाचा आवाज बदलला. दुसऱ्या एका जिममध्ये आमच्या रिक्षावाल्या भावाच्या दंडावर ‘जय भीम’ गोंदलेले पाहून त्याला सांगण्यात आले की पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून येत जा, नियम आहे. आजूबाजूला देवादिकांचे आणि राजामहाराजांचे टॅटू उघड्या दंडांवर मिरवत होते. त्यांना नियम नव्हता. लोखंड जात विचारत नाही, असे भाबडेपणाने म्हणणारे खूप आहेत. खरेच आहे, लोखंड विचारत नाही. पण लोखंडापर्यंत पोचायच्या आधी एक काउंटर असते, एक रजिस्टर असते आणि एक ट्रेनर असतो.

तसेच ताटाचे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास. ट्रेनर सांगतो पनीर, बदाम आणि त्याच्याकडून घ्यायचा तीन-चार हजारांचा पावडरचा डबा. आमच्या आज्या-आयांना स्वस्तात प्रथिने कुठे मिळतात ते ठाऊक होते. पण २०१५ पासून राज्यात बैल आणि गोऱ्ह्याच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले सर्वांत स्वस्त मांस गेले. कायदा करणाऱ्यांपैकी कोणी हिशेब केला का, की त्यामुळे वस्तीतल्या किती पोरांच्या ताटातली प्रथिने गेली? आम्ही आमचा हिशेब असा बसवला : चार अंडी २४ ग्रॅम, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २५ ग्रॅम, शंभर ग्रॅम फुटाणे २० ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम. उरलेले वरण-पोळीतून निघते. डब्याची गरज पडत नाही.

यावर आमच्याच लोकांकडून दोन आक्षेप येतात. पहिला : पोरांनी अभ्यास करावा, जिमचे खूळ कशाला? या आक्षेपामागे भीती आहे आणि ती खरी आहे. निवडणुकीत झेंडे लावायला आणि मिरवणुकीत धक्काबुक्की करायला दंडवाली पोरे सर्वांनाच लागतात. पण इतिहास काय सांगतो? पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. जोतीराव फुले तिथे दांडपट्टा शिकले. मुलींची शाळा काढणारा माणूस आधी एका मांग वस्तादाच्या तालमीत घाम गाळत होता, हा योगायोग नव्हता. शाहू महाराज स्वतः मल्ल होते. कोल्हापूरचे खासबाग मैदान त्यांनी १९१२ साली उभे केले आणि वसतिगृहेही त्यांनीच उभी केली. महाडच्या १९२७ च्या वर्षातच समता सैनिक दल उभे राहिले. शिस्तीत उभे राहू शकणारी शरीरे असल्याशिवाय पाण्याचा हक्कही मिळत नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. शिक्षण आणि शरीर यांत भांडण लावणे ही आमची परंपरा नाही.

लोइक वाकाँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९८८ पासून तीन वर्षे शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका बॉक्सिंग जिममध्ये स्वतः सराव केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. बाहेर रस्त्यावर गोंधळ आणि हिंसा, तर आत वेळापत्रक, नियम आणि एकमेकांवर लक्ष, असे त्याने दाखवले. आमचा अनुभव वेगळा नाही. जो पोरगा उद्या सकाळी स्क्वॉटचा दिवस आहे म्हणून रात्री दहाला झोपतो, तो नाक्यावर बाराला सापडत नाही.

दुसरा आक्षेप : बायकांना हे कशाला? भरतीची तयारी करणाऱ्या आमच्यातल्या एकीने नुसत्या वीस किलोच्या बारने स्क्वॉट सुरू केला. आठ महिन्यांत ती सत्तर किलोवर गेली. तिचा गोळा आता आधीपेक्षा मीटरभर लांब जातो. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिम्पिकमध्ये भारतीय स्त्रीने मिळवलेले पहिले पदक कोणत्या खेळात होते? वेटलिफ्टिंगमध्ये, कर्णम मल्लेश्वरीचे. बायकांना हे कशाला, असे विचारणाऱ्यांना देशाने २५ वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. प्रश्न फक्त वेळेचा आणि किल्लीचा आहे. जिम फक्त रात्री उघडी असेल आणि किल्ली पाच पोरांकडे असेल, तर एकही मुलगी येणार नाही.

आता पैशाचे बोलू. आम्ही दुकानांतून दर विचारले. सुरक्षा-दांड्यांसह एक रॅक, एक २० किलोचा आणि एक १५ किलोचा बार, एक मजबूत बेंच, छोट्या प्लेटसह दीडशे किलो वजन आणि रबरी मॅट, हे सगळे साधारण लाखभर रुपयांत बसते. यावर दिवसाला तीस माणसे आरामात सराव करू शकतात. हे सामान नीट वापरले तर वीस वर्षे टिकते. राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना आहे. वस्ती सुधारणेचे निधी आहेत. पैसा येतोच, तो ट्रेडमिलवर जातो, जी दोन वर्षांत बंद पडते, किंवा सिमेंटमध्ये रोवलेल्या यंत्रांवर जातो. आणि सरकारची वाट पाहायची नसेल, तर १४ एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेचे बिल काढून पाहा. आपण ‘एक वही, एक पेन’ घेऊन अभिवादनाला जाणारा समाज आहोत. एखाद्या वर्षी दर घरामागे एक किलो लोखंड जमवले, तर दीडशे घरांत वस्तीची जिम उभी राहते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. प्रत्येक वस्तीने आपल्या व्यायामशाळेसाठी मंजूर झालेल्या निधीचे अंदाजपत्रक आणि सामानाची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. त्या यादीत रॅक, सरळ बार आणि सव्वा किलोच्या प्लेट लेखी मागाव्यात. किल्ली लोकप्रतिनिधीच्या कार्यकर्त्याकडे नको, ज्या समितीत निम्म्या बायका आहेत तिच्याकडे हवी. विहारातल्या अभ्यासिकेची वेळ भिंतीवर लिहिलेली असते, तशीच व्यायामशाळेची वेळ लिहिलेली असावी, सकाळी आणि संध्याकाळी, दोघांसाठी.

आणि पुढच्या वेळी वस्तीत कोणी नव्या ओपन जिमचे उद्घाटन करायला आले, तर नारळ फुटायच्या आधी सर्वांसमोर एकच प्रश्न विचारा : साहेब, यात वजन वाढवता येते का?